भूल आणि बालकाचा श्वास



ज्या वैद्यकव्यवसायी सत्पुरुषाच्या स्मृत्यर्थ आज नाशिकच्या गोदाघाटावर व्याख्यानमालेचे हे पुष्प गुंफले जात आहे, त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर पेठ-सुरगाण्याकडची माणसे आजारी पोरे कडेवर घेऊन पहाटेपासून बसलेली असत, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आणि म्हणूनच त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात इतिहासाचा वा साहित्याचा विषय न घेता, लहान मुलाला संपूर्ण भूल दिली असता त्याच्या श्वासावर जी संकटे ओढवतात त्यांचा विषय मी घेतला, तर तो अप्रस्तुत ठरणार नाही असे वाटते. टॉन्सिल, हर्निया, दुभंगलेला ओठ, मोडलेला हात, यांपैकी कशा ना कशापायी घरातले मूल एकदा तरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याचा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. अशा वेळी आईबाप चार ठिकाणी चौकशी करून शल्यविशारद ठरवतात, खोलीचे भाडे विचारतात, अमावास्या टाळतात. परंतु ‘भूल कोण देणार, आणि त्यांना आम्ही केव्हा भेटू शकू,’ एवढा साधा प्रश्न विचारणारे आईबाप विरळाच. माझे म्हणणे असे आहे की, भुलीखाली बालकावर येणारे संकट बहुतेक वेळा श्वासाचे असते, त्याची पूर्वसूचना पुष्कळदा घरच्या माणसांना आधीच मिळालेली असते, आणि ती मिळूनही शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीच उरकण्याचा जो आग्रह सर्व बाजूंनी धरला जातो, त्याचा विचार डॉक्टरांइतकाच समाजानेही केला पाहिजे.

या प्रश्नाचा इतिहास एका मुलीच्या मृत्यूपासून सुरू होतो. एडिंबरो येथे जेम्स सिम्पसन यांनी भुलीसाठी क्लोरोफॉर्मचा उपयोग नोव्हेंबर १८४७ मध्ये जाहीर केला, आणि त्यानंतर तीन महिने पुरते लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडातील न्यूकॅसलजवळच्या विन्लेटन गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म हुंगताच काही मिनिटांत गतप्राण झाली. तिला शुद्धीवर आणण्याच्या घाईत तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घालण्यात आली होती. सिम्पसन यांनी असा पक्ष मांडला की, ती क्लोरोफॉर्मने मेली नसून ते पाणी आणि ती ब्रँडी घशात अडकून गुदमरल्यामुळे मेली. लंडनचे भूलतज्ज्ञ जॉन स्नो यांनी त्याउलट प्रतिपादन केले की, क्लोरोफॉर्मच्या तीव्र वाफेने तिचे हृदयच बंद पडले. आधी श्वास थांबतो की आधी हृदय, हा वाद तेव्हापासून पुढे साठ वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्याचा सर्वांत मोठा खटला जगाच्या पाठीवर कोठे चालावा, तर आपल्या शेजारी, निजामाच्या हैदराबादेत!

नांदगाव-येवल्याच्या पलीकडे त्या काळी निजामाची हद्द लागे, आणि आजचा आपला मराठवाडा त्याच अंमलाखाली होता. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोचे शल्यविशारद साइम यांचे शिष्य. नाडीकडे न पाहता केवळ श्वासाकडे पाहावे, श्वास निर्वेध चालला असेल तर क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, असा गुरूचा उपदेश त्यांनी शिरोधार्य मानलेला होता. त्यांच्या आग्रहाने निजाम सरकारने १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमले. त्याच्या निष्कर्षांवर लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका काढताच दरबाराने त्या नियतकालिकालाच आपला प्रतिनिधी पाठवण्याविषयी कळवून त्यासाठी एक हजार पौंडांची तजवीज केली, आणि ‘लॅन्सेट’चे प्रतिनिधी लॉडर ब्रंटन यांच्या उपस्थितीत १८८९ मध्ये दुसरे कमिशन बसले. त्या कामात रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी विद्यार्थिनी सहभागी होती. पुढे हैदराबादेतील रुग्णालयांतून वर्षानुवर्षे क्लोरोफॉर्म देणाऱ्या या विदुषीस जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानतात. आपल्या मुली आज मोठ्या संख्येने या शाखेत येत आहेत. त्यांच्या पाठ्यक्रमात रूपाबाईंचे नाव एकदा तरी यावे, असे मला मनापासून वाटते.

कमिशनचा निर्णय लॉरी यांच्या बाजूने लागला. परंतु शास्त्रात दरबारी निर्णय अखेरचा ठरत नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो, आणि हैदराबादचा सिद्धांत सर्वांशी खरा नाही. असे असूनही, श्वासावरून नजर ढळू देऊ नका, हा त्यातील व्यावहारिक आदेश लहान मुलांच्या बाबतीत आजही तंतोतंत लागू आहे. मोठ्या माणसाचे हृदय स्वतःच्या रोगाने बंद पडू शकते. निरोगी तान्ह्या मुलाचे हृदय भुलीखाली मंदावू लागले, तर प्राणवायू कमी पडतो आहे असेच प्रथम समजावे, आणि औषधाच्या कपाटाकडे धावण्यापूर्वी श्वासाचा मार्ग मोकळा आहे की नाही याची खातरजमा करावी.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, हे वाक्य वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून ऐकवले जाते, परंतु त्याचा अर्थ भूल देताना जितका प्रखरपणे कळतो तितका अन्यत्र कळत नाही. नवजात अर्भकाची श्वासनलिका गव्हाच्या काडीएवढी, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर व्यासाची असते. तिला आतून सर्व बाजूंनी केवळ १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो, हवा जाण्याची जागा चतुर्थांश उरते, आणि हवेच्या प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो. तेवढीच सूज आपल्यासारख्यांना आली असता आवाज थोडा बसेल, इतकेच. मुलाचे डोके मोठे, मान आखूड, जीभ तोंडाच्या मानाने मोठी. म्हणून झोप लागताच जीभ मागे पडून मार्ग अडतो. तान्ही मुले मुख्यत्वे नाकाने श्वास घेतात, त्यामुळे साध्या सर्दीनेही त्यांचा अर्धा दरवाजा बंद होतो. शिवाय दर किलो वजनामागे मुलाला प्राणवायू प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट लागतो, आणि साठवण मात्र भुलीखाली फारच थोडी उरते. आधी भरपूर प्राणवायू देऊन ठेवलेल्या धडधाकट प्रौढाचा श्वास थांबला, तर त्याच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत उतरण्यास सुमारे आठ मिनिटे लागतात; दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत चार मिनिटेही मिळत नाहीत, आणि तान्ह्याच्या बाबतीत त्याहून कमी.

या संकटांपैकी एकाचे वर्णन मी जरा जवळून करतो, कारण ते शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बसलेल्या आईबापांना कधीच दिसत नाही. टॉन्सिलची शस्त्रक्रिया संपली आहे, औषधांचा अंमल उतरत आला आहे, मूल धड झोपेतही नाही आणि धड जागेही नाही. आणि नेमक्या त्या क्षणी लाळेचा किंवा रक्ताचा एखादा थेंब स्वरयंत्रावर पडतो. जागेपणी आपण ठसका देऊन मोकळे झालो असतो. येथे मात्र स्वरतंतू एकमेकांना घट्ट मिटतात आणि उघडायला तयार होत नाहीत. छाती श्वासासाठी धडपडते, गळ्याखालची खळगी आत ओढली जाते, पोट वर येते, आणि आवाज मात्र काहीच नाही. हातातली प्राणवायूची पिशवी दाबावी तर ती दबत नाही. रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा टिकटिकणारा सूर एकेका पायरीने खाली उतरू लागतो. अनुभवी भूलतज्ज्ञाची बोटे एव्हाना दोन्ही कानांच्या पाळ्यांमागे गेलेली असतात. जबडा पुढे ढकलून, मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून तो निखळ प्राणवायू सतत दाबाखाली देत राहतो, भूल पुन्हा गडद करतो, आणि तेवढ्याने स्वरतंतू सुटले नाहीत तर स्नायू शिथिल करणारे औषध, जे त्याने आरंभीच सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलेले असते, ते परिचारिकेकडून शिरेत देववतो. बहुतेक वेळा हा सारा प्रकार एकदोन मिनिटांत निभावतो, आणि मूल रडत रडत बाहेर येते. ते रडणे आम्हाला फार प्रिय असते.

हे किती मुलांच्या बाबतीत घडते? स्टॉकहोम येथील ओल्सन आणि हॅलेन यांनी १९८४ मध्ये १,३६,९२९ रुग्णांच्या भुलीच्या नोंदी तपासून दाखवले की, स्वरयंत्र असे मिटण्याचे प्रमाण एकंदर रुग्णांत हजारी ८.७ होते, नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांत हजारी १७ च्या वर गेले, आणि ज्या मुलांना सर्दी-पडशासारखा श्वसनमार्गाचा संसर्ग होता त्यांच्यात ते हजारी ९६ च्या घरात पोचले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अॅप्रिकॉट या पाहणीत ३३ देशांतील २६१ रुग्णालयांतून तीस हजारांवर मुलांच्या भुलींची नोंद घेतली गेली. गंभीर संकटाचे प्रमाण शेकडा ५.२ निघाले, त्यांत श्वसनाची संकटे ३.१ आणि हृदय व रक्ताभिसरणाची १.९. मूल जितके लहान तितका धोका अधिक, आणि भूल देणारा जितका अनुभवी तितका तो कमी, असेही त्यात स्पष्ट झाले. त्याआधी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या बालरुग्णालयातील ९,२९७ मुलांच्या अभ्यासाने घरच्या इतिहासाचे महत्त्व सप्रमाण दाखवले: मुलाला रात्री कोरडा खोकला येतो काय, वर्षभरात तीनहून अधिक वेळा छाती घुरघुरली काय, अंगावर इसबाचे चट्टे आहेत काय, घरात दम्याची माणसे किंवा बिडी-सिगारेट ओढणारी माणसे कितीजण आहेत, आणि गेल्या दोन आठवड्यांत सर्दी झाली होती काय. श्रोतेहो, या यादीतील एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी यंत्र लागत नाही. ही उत्तरे आईजवळ, आजीजवळ असतात. प्रश्न विचारायला कोणीतरी त्यांच्याजवळ स्वस्थ बसले पाहिजे, एवढेच.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला, आणि तेव्हापासून अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी करून ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांना मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्याची वहिवाट पडली. हे काम मी अत्यंत मोलाचे मानतो. दुभंगलेला ओठ घेऊन लग्नाच्या वयापर्यंत पोचलेली माणसे मी पाहिलेली आहेत, आणि तशी माणसे उत्तरोत्तर कमी दिसतील ही साधी गोष्ट नव्हे. परंतु सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरची बाई आपला चार वर्षांचा मुलगा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन येते तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. भाताच्या लावणीचे दिवस, दोघांची मजुरी बुडालेली, धाकटे मूल शेजारणीच्या हवाली केलेले, आणि येथे टेबलावर चढवण्यापूर्वी भूलतज्ज्ञ मुलाच्या छातीला नळी लावतो तो आत घुरघुर, नाकाला हिरवट शेंबूड, अंग कोमट. शास्त्र सांगते की, असे मूल निदान दोन आठवडे, आणि छाती भरली असेल तर त्याहूनही अधिक, थांबवावे. कारण संसर्ग ओसरला तरी श्वसनमार्ग काही आठवडे चिडका राहतो. हर्निया अडकलेला नाही, महिनाभर थांबल्याने मुलाचे काही बिघडणार नाही. शस्त्रक्रिया तहकूब करणे हाच उचित मार्ग. पण हे त्या बाईला सांगताना शब्द जड होतात.

‘सायेब, परत यायाला पैसं कुटून आणू?’ असे तिने विचारले, तर त्या प्रश्नाला वैद्यकाच्या ग्रंथात उत्तर नाही. आणि मग सर्व बाजूंनी दडपण येते: शल्यविशारदाची यादी खोळंबलेली असते, शिबिराच्या आयोजकांना आकडा पुरा करायचा असतो, स्वतः आईसुद्धा हात जोडून ‘होऊन जाऊ द्या’ म्हणते. ‘एवढीशी सर्दी, तिचा काय बाऊ करता?’ हे वाक्य माझ्या पिढीतील प्रत्येक भूलतज्ज्ञाने ऐकलेले आहे. सर्दी असलेल्या प्रत्येक मुलास परत पाठवावे, असे मी म्हणत नाही. स्वच्छ पाण्यासारखे नाक वाहणारे, खेळते, ताप नसलेले मूल कुशल हातांत पुष्कळदा सुरक्षित असते, आणि लहान मुलांना वर्षातून इतक्या वेळा सर्दी होते की पूर्ण कोरड्या दिवसाची वाट पाहत बसलो तर शस्त्रक्रिया कधीच होणार नाही. परंतु हा विवेक ज्याने करायचा त्याला निर्भयपणे ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्या नकाराचा खर्च गरिबाच्या पदरात पडता कामा नये. आज तो पडतो. मला यापेक्षा अधिक बोचणारी गोष्ट या व्यवसायात दुसरी दिसली नाही.

उपासाची गोष्टही अशीच. पोटात अन्न असताना भूल दिली, तर ते उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. म्हणून हलके अन्न व गाईम्हशीचे दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवावे असा दंडक आहे, आणि पाण्याच्या बाबतीत तो युरोपात अलीकडे एक तासावर आणला गेला आहे. आपल्याकडे मात्र दोन टोके दिसतात. एकीकडे ‘रात्री बारानंतर काही देऊ नका’ या सरसकट हुकुमाबरहुकूम पोर दुपारपर्यंत तहानेने कासावीस झालेले असते. दुसरीकडे आजीचा जीव राहवत नाही, ती पदराआडून बिस्किट भरवते, आणि विचारले असता आई सुनेच्या नात्याने गप्प राहते. त्या माउलीला मी दोष देत नाही. तिला कारण कोणी सांगितलेलेच नसते. बिस्किट खाल्ल्याचे सांगितले तर शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल, लपवले तर मुलाच्या छातीत ते जाऊ शकेल, एवढे शांतपणे सांगितले असता खोटे बोलणारी आई किंवा आजी मला क्वचितच भेटली.

येथे शेंगदाण्याविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. दीडदोन वर्षांचे मूल, पुढचे दात आलेले, दाढा अजून पुरत्या आलेल्या नाहीत. भाजलेले शेंगदाणे खाताना कोणी हसवते, मूल जोरात श्वास आत घेते, आणि दाणा श्वासनलिकेत उतरतो. जिवाच्या आकांताने खोकला येतो, ओठ काळवंडतात, आणि मग सारे शांत होते. घरचे म्हणतात, गेला दाणा पोटात. तो एका बाजूच्या फुप्फुसाच्या वाटेवर जाऊन बसलेला असतो. साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, ओलाव्याने फुगतो, त्यातील तेलाने भोवतालचे अस्तर सुजते, आणि पुढे कित्येक दिवस त्या मुलावर न्यूमोनियाचे उपचार चालू राहतात. गुस्टाव्ह किलियन यांनी जर्मनीत १८९७ मध्ये दुर्बिणीच्या नळीने श्वासनलिकेच्या शाखेतून हाडाचा तुकडा प्रथम काढला, तीच पद्धत सुधारून आपण आज वापरतो. परंतु ज्या चिंचोळ्या मार्गाने मुलाने श्वास घ्यायचा, त्याच मार्गात शल्यविशारदाची नळी असते, आणि भूलतज्ज्ञाला त्याच्याशी वाटणी करून मुलाला जिवंत ठेवावे लागते. बालकांच्या भुलीत याहून अवघड काम थोडेच असेल. म्हणून चार वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा देऊ नये. आणि ज्या जिल्ह्याचे द्राक्ष देशोदेशी जाते त्या जिल्ह्यात हेही सांगतो की, लहान मुलाला द्राक्ष उभे चिरूनच द्यावे.

साधनांची प्रगती मोठी झाली, यात शंका नाही. न्यूकॅसलचे फिलिप एअर हे स्वतः दुभंगलेला ओठ व टाळू घेऊन जन्मले होते. तसल्याच व्यंगाच्या अर्भकांवरील शस्त्रक्रियांसाठी त्यांनी १९३७ मध्ये इंग्रजी ‘टी’ आकाराची एक साधी नळी पुढे आणली, जिच्यात झडप नाही, त्यामुळे तान्ह्याला श्वास ओढण्याचे श्रम नाहीत. लिव्हरपूलचे जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये तिला उघड्या शेपटीची पिशवी जोडली, आणि ती पिशवी आजही आमच्या शस्त्रक्रियागृहांत रोज हाताळली जाते. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. ते उपकरण हाती येईपर्यंत आमच्या गुरुजनांचा भरवसा मुलाच्या ओठांच्या रंगावर आणि छातीला चिकटपट्टीने लावलेल्या स्टेथोस्कोपवर असे. करोनाच्या साथीत ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत आला, आणि २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागून विसांहून अधिक रुग्ण दगावले, तेव्हा प्राणवायूचा दाब उतरणे म्हणजे काय, हे या शहराला ज्या रीतीने कळले तसे कोणत्याही शहराला कळू नये. पण ऑक्सिमीटर संकट आल्यानंतर सूर बदलतो. आदल्या रात्रीचा खोकला त्याला ऐकू येत नाही.

तेव्हा माझी मागणी काय आहे ती मांडतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे. राज्यभरातील वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे जेथून हलतात तेथून हे काम सुरू होणे स्वाभाविक ठरेल. ज्या मुलावर शस्त्रक्रिया ठरली, त्याची भूलतज्ज्ञाशी भेट टेबलाजवळ न होता निदान काही दिवस आधी व्हावी, आणि आईला विचारायचे प्रश्न अहिराणीत, कोकणीत, वारलीत विचारता येतील अशी माणसे हाताशी असावीत. तपासणीची गाडी ज्या पाड्यावर जाते तिनेच शस्त्रक्रियेच्या दोनतीन दिवस आधी पुन्हा तेथे जाऊन मुलाची छाती ऐकावी. सर्दी निघाली तर मूल घरीच थांबेल, आणि सत्तर-ऐंशी किलोमीटरची फुकट खेप वाचेल. एवढे करूनही ऐन वेळी परत पाठवावे लागलेच, तर पुढची तारीख कागदावर लिहून, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी रोख हातात देऊन पाठवावे. प्रत्येक रुग्णालयाने तहकूब केलेल्या शस्त्रक्रियांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, तीत कारण लिहावे, आणि तारीख उलटूनही जे मूल परत आले नाही त्याचा ठावठिकाणा आशाताईंमार्फत घ्यावा. शिबिरांच्या अहवालात आज किती शस्त्रक्रिया झाल्या एवढाच आकडा छापतात; त्याच्या शेजारी किती मुलांना थांबवले आणि त्यांपैकी किती पुढे सुखरूप पार पडली, हाही आकडा छापला जावा. माझ्या तरुण सहव्यवसायींपैकी काहीजण आज येथे बसलेले दिसतात. त्यांनी ही नोंदवही आपापल्या ठिकाणी येत्या पावसाळ्यापूर्वी घालावी, कारण पावसाळा लागताच सर्दीची मुले वाढतात, आणि लावणीही त्याच दिवसांत असते.